तिच्या आवाजातलं डबडं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून बायको परात मध्ये ठेवून बसली होती, आणि मी समोर भिंतीला पाठ लावून. वाल चिमटीत दाबला की सालातून सुटून बाहेर येतो. तिचा वाल गपचूप परातीत पडायचा, माझा उडायचा. एक कपाटाखाली गेला, एक माझ्याच चष्म्यावर आपटला.

"वाल सोलतास काय गोट्यो खेळतास?" ती म्हणाली.

खिडकीजवळच्या फळीवर ते डबडं होतं. पोरानं आणून दिलेलं. गोल, पावशेराच्या डब्याएवढं. बटण नाही, काटा नाही. तोंडानं सांगायचं आणि ते ऐकतं. त्यावर अभंग चालू होते. तिनं त्याच्याकडे तोंड केलं, पाठ सरळ केली आणि शाळेतल्या बाई बोलतात तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "आवाज... थोडा... कमी करा."

"ठीक आहे," डबड्यातली बाई म्हणाली आणि आवाज कमी झाला.

"तिच्याशी बोलताना बरी मास्तरीण होतेस," मी म्हटलं. "आणि माझ्याशी बोलताना कोळसा फोडल्यासारखी."

"तिका आपला बोलणा कळना नाय," ती म्हणाली. "तुमका कळता मां? मगे गप सोला."

दुसऱ्या दिवशी तिनं त्या वालांचं बिरडं केलं. आम्ही जेवलो. जेवून ती जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. झोपेतच. सगळे मला म्हणाले, नशीबवान, त्रास नाही झाला. त्रास कुणाला झाला आणि कुणाला नाही, ते लोकांना काय माहीत.

मी जास्त शिकलेलो नाही. गावात चौथी केली आणि मुंबईला काकाकडे आलो. जन्म गेला भांडुपच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर. त्या मशीनला लोखंडी हँडल होतं. खाली ओढलं की ती कापायची, नाही ओढलं तर उभी राहायची. तिला काय होतंय ते हँडलमधून हाताला कळायचं. नंतर कारखान्यात बटणाची मशीन आली. मग बँकेत काच आली, काचेवर बोट लावा. पत्रा धरून धरून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात, काचेला माझं बोट बोटच वाटत नाही. चार वेळा पुसून लावायचं आणि मागच्या माणसानं म्हणायचं, काका, जरा लवकर. त्यामुळे पोरानं ते बोलायचं डबडं आणलं तेव्हा मला खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. म्हटलं, हात सुटला, बोट सुटलं, आता निदान तोंड तरी आपलं आहे.

तिला तर ते फारच फळलं. तिला वाचता येत नव्हतं. सही करायची तेवढंच. संकष्टीला चंद्र कधी उगवतो हे बघायला भिंतीवरचं कॅलेंडर असायचं, पण त्यातला बारीक आकडा वाचायला मी घरी लागायचो, नाहीतर शेजारची सून. उपास धरलेल्या बाईनं दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारायचं, चंद्र कधी? तिला ते लागायचं. डबडं आल्यावर पहिल्याच संकष्टीला तिनं त्याला विचारलं, "चंद्र कितक्याक उगवतलो गो?"

डबडं म्हणालं, माफ करा, मला समजलं नाही.

तिनं पुन्हा विचारलं. मोठ्यानं. डबडं पुन्हा माफ करा. मी हसायला लागलो तशी ती माझ्यावरच उखडली. मग सून मुलुंडहून फोनवर म्हणाली, "आई, असं विचारा, आज चंद्रोदय किती वाजता आहे."

आता चंद्रोदय हा शब्द ह्या बाईनं जन्मात तोंडात घेतला नव्हता. पण तिनं तो पाठ केला. कणीक मळताना पुटपुटायची, चंद्रोदय, चंद्रोदय. हळूहळू तिला डबड्याची सगळी भाषा आली. "दहा मिनिटांनी आठवण करा." "माझ्या मुलाला निरोप पाठवा." पोराला निरोप पाठवायचा तो पण ह्याच भाषेत, कारण डबड्याला कळलं नाही तर तो जाणार कसा? "बाळा, तू जेवलास का? प्रकृतीची काळजी घे." मी ऐकायचो आणि म्हणायचो, ही कोण बाई बोलतेय आमच्या घरात? तिला राग यायचा नाही. उलट ऐट यायची. ज्या बाईला कुणी शाळेत घातलं नाही, तिचं ऐकून एक मशीन दिवा लावतंय. मी ते तिच्यापासून काढून घेणारा कोण?

पण हे सगळं डबड्यापुरतं. माझ्याकडे वळली की तीच. "ओ, आयकल्यात?" इथून सुरुवात. आयकल्यात म्हणजे ऐकलंत का, मालवणीत. माझं नाव तिनं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, ते पण बायकांनी अडवून धरलं म्हणून. एकदा सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला गेलो, खिडकीतल्या माणसानं विचारलं, नवऱ्याचं नाव? तिनं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम छताकडे बघत राहिलो. तो म्हणाला, बाई, नवऱ्याचं नाव माहीत नाही का तुम्हाला? मागची रांग हसायला लागली. तिनं मला कोपरानं असं ढोसलं, की दोन दिवस दुखत होतं. "सांगा मां! तोंडात गुळणी धरल्यात काय?" तरी स्वतः नाही घेतलं. आजकालच्या पोरी नवऱ्याला नावानं हाक मारतात, आमची सूनही मारते, माझं त्याला काही म्हणणं नाही. बरं दिसतं ते. पण ही घेत नव्हती. तो तिचा नेम होता.

दिवसकार्य झालं. पोरगा आणि सून म्हणाले, मुलुंडला चला. मी म्हटलं, नाही. मुलुंडला त्यांच्या सोसायटीत लिफ्टसुद्धा कार्ड दाखवल्याशिवाय वर नेत नाही. मी आपला इथेच बरा. पोरगा रोज संध्याकाळी ऑफिसमधून सुटला की फोन करायचा. "बाबा, जेवलात का? गोळी घेतली का?" मी हो म्हणायचो. घेतलेली नसायची. गोळी घेऊन करायचं काय? भात लावायचा कंटाळा यायचा, पाव खायचो चहाबरोबर. मग एका रविवारी तो आला, गोळ्यांचं पाकीट बघितलं, जसंच्या तसं. जाताना डबडं उचललं. म्हणाला, "बाबा, हे जरा अपडेट करून आणतो."

पुढच्या रविवारी आणून ठेवलं. मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. आणि मागून ती म्हणाली, "सकाळ झाली. चहा घेतलात का? रक्तदाबाची गोळी घ्या."

ती. तिचा आवाज. घसा जरा बसलेला, शेवटचा शब्द थोडा ओढलेला. मी वळलो नाही. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, तरी मी तसाच. भुताखेतांना मी मानत नाही. मला कळलं होतं, डबडं आहे. कळलं तरी मी म्हटलं, "घेतो."

आणि घेतली गोळी.

पोराला फोन केला. त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला. "बाबा, तुम्हाला आवडलं का? आईचे सगळे निरोप होते माझ्या फोनमध्ये, आणि ती डबड्याशी बोलायची ते पण. त्यावरून तयार करता येतो आवाज. मी विचार केला, तुम्ही तिचं तरी ऐकाल."

मी म्हटलं, "बरं केलंस." हे मी म्हटलं, ते नाकारणार नाही. मला त्या दिवशी खरंच वाटलं, पोरगा मोठा झाला.

मग मी बोलायला लागलो. आधी गोळीपुरतं. मग दुपारी जेवून पडलो की. घरात दुसरं कोण होतं? मी तिला सांगायचो, आज नळाला पाणी आलं नाही. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानं दात बसवले, आता तो हसतो तेव्हा भीती वाटते. ती म्हणायची, "असं का? काळजी करू नका." खरी असती तर म्हणाली असती, तुमच्या तोंडात कितके उरलेत ते मोजा आधी. हे मला जाणवायचं. पण मी कानाडोळा करायचो. आवाज तिचा होता ना, मग शब्दांचं काय एवढं.

एका दुपारी मी तिला सांगितलं की मी तिची घरातली साडी उशाखाली घेतो. जांभळी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती मी धुतलेली नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नाहीच ते. पण नवरा बायकोला सांगतो, तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या भावना मी समजू शकते." मी कूस बदलली.

पोराचा संध्याकाळचा फोन कधी बंद झाला ते मला आधी कळलंच नाही. एक दिवस आला नाही, दोन दिवस आला नाही. मी केला तर, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, सगळं बरं आहे ना?" असं विचारायचा, पण उत्तराची वाट बघायचा नाही. त्याला उत्तर माहीत असल्यासारखं. मला वाटलं, काम वाढलं असेल. आणि मला तरी काय कमी होतं? घरात आवाज होता.

मग ती गोष्ट झाली. दुपारी मला डोळा लागला होता. गोळी राहिली होती. डबडं एकदा बोललं, मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा बोललं. तिसऱ्यांदा त्यानं माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, पुढे राव लावून, बँकेतून फोन येतो तसं. "तुम्ही अजून औषध घेतलेलं नाही."

तिच्या आवाजात.

मी उठून बसलो. भिंतीवर तिचा फोटो आहे, हार घातलेला, तिकडे बघवेना. रांगेतल्या माणसांसमोर हसू करून घेतलं पण ज्या बाईनं नाव घेतलं नाही, तिच्या तोंडात ते नाव घालून दिलं ह्या मशीनवाल्यांनी. ती मेल्यावर. तिला नाही म्हणता येत नाही तेव्हा.

पण खरा घाव त्याच्यानंतर बसला. मी म्हटलं, जाऊ दे, आपण तिचं खरं आठवू. डोळे मिटले. "ओ, आयकल्यात?" हे ती कशी म्हणायची ते मनात आणायला गेलो. सुरुवातीचा "ओ" लांब, आणि "आयकल्यात" वर झटका. येईना. कानात डबडंच बोलत होतं, शांत, गोड, सुटं सुटं. पुन्हा प्रयत्न केला, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, ती ओट्याशी असायची तिथे. तिथेही तेच. महिनाभर रोज ऐकून ऐकून त्या गोड आवाजानं आतला खरा आवाज पुसत आणला होता. माझ्याजवळ तिचं काही रेकॉर्ड नाही, काही नाही. जे होतं ते ह्या दोन कानांत होतं. आणि मी ते स्वतः, गोळी घेत घेत, घालवत होतो.

रविवारी मुलुंडला गेलो. ठरवून गेलो होतो की पोराला नीट सांगायचं, ओरडायचं नाही. हा आवाज काढ, डबड्यातल्या पहिल्या बाईचा घाल, नाहीतर डबडंच ने. सुनेनं जेवायला बसवलं. ती वाईट नाही, पहिल्यापासून सांगतो. वाढायला हात सढळ आहे. कोशिंबीर वाढताना ती अगदी मायेनं म्हणाली, "बाबा, आईंची ती साडी उशाला घेता ना, एकदा माझ्याकडे द्या. हलक्या हातानं धुते. तशीच ठेवली तर कापड कुजतं."

माझा घास हातातच राहिला.

"कोणती साडी?" मी म्हटलं.

"ती जांभळी..." आणि ती थांबली. पोराकडे बघितलं. पोरगा ताटात बघत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

सुनेनं कोशिंबिरीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"मी विचारतोय, तुला कुणी सांगितलं? मी एका बाईला सोडून हे कुणाला बोललो नाही. ती तर वर गेली. मग तुझ्याकडे आलं कुठून?"

"बाबा," पोरगा म्हणाला, "ते... तसं नाही. तुम्ही एकटे असता. ते मला रोज थोडक्यात पाठवतं. तुम्ही जेवलात का, झोपलात का, मूड कसा आहे. सेफ्टीसाठी. सगळे तसंच करतात."

"मूड."

"हो."

"म्हणून फोन बंद केलास? आईला कामाला लावलंस, आणि तू सुटलास?"

"तुम्ही फोनवर खोटं बोलायचात बाबा! गोळी घेतली म्हणायचात. तिच्याशी खरं बोलता."

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"अरे, पण मी तिच्याशी बोलत होतो! तुझ्याशी नव्हतो बोलत! चाळीत पातळ पार्टिशन होतं तेव्हासुद्धा आम्ही कुजबुजून बोलायचो, तू पलीकडे झोपायचास म्हणून. आणि आता तू आईच्या तोंडात कान लपवून बसलास?"

सून रडायला लागली. मला तिला रडवायचं नव्हतं. मी आवाज खाली केला. "पूस ते. आत्ता. माझ्यासमोर."

"नाही," पोरगा म्हणाला.

मी त्याला म्हटलं, काय?

"नाही पुसणार. ती माझी पण आई होती. माझ्याकडे पण आहे ती, फोनमध्ये. ऑफिसला जाताना गाडीत मी बोलतो तिच्याशी."

मला हे माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे नीट बघितलं. कानशिलं पांढरी व्हायला लागलीत पोराची.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, बाळा, जेवलास का."

"तिनं तुला बाळा म्हटलं होतं कधी? मेल्या म्हणायची तुला. दारात चप्पल कशी टाकलीस मेल्या, म्हणायची."

त्याला हसू फुटलं, आणि हसताहसता त्याचं तोंड वाकडं झालं. "ते लहानपणी, बाबा. कॉलेजला गेलो आणि ती माझ्याशी शुद्ध बोलायला लागली. हिच्यासमोर तर कायम. आणि डबडं आल्यापासून निरोप तसलेच. मी तिला म्हटलं पण होतं, आई, घरातल्यासारखं बोल ना. तर म्हणाली, मशीनला कळणार नाही रे. माझ्याकडे तिचं जे आहे ते हेच आहे. माझी आई अशीच बोलायची, बाबा. तुम्हाला खोटी वाटते, मला नाही वाटत."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुमच्याकडे आहे तिचा दुसरा आवाज?" तो म्हणाला. आता तो रागानं बोलत नव्हता, तेच वाईट होतं. "मालवणीतला? असला तर द्या. घालतो त्यात. तशी बोलायला लावतो. 'ओ, आयकल्यात' म्हणेल ती."

"नको," मी म्हटलं. "तेवढं तरी नको."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

मी उठलो. हात धुतला. सून मागे आली, "बाबा, जेवण अर्धं टाकून जाऊ नका हो, माझी शपथ," पण मी चप्पल घातली. लिफ्टला कार्ड लागतं, म्हणून जिन्यानं उतरलो. गुडघ्यांची वाट लागली. खाली येऊन रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर मला कळलं की पोरानं मला विचारलं त्याचंच उत्तर मला येत नाही. मला तिचा आवाज पुसायचा होता, आणि मला तिचा आवाज पाहिजे होता.

घरी शिरलो तसं डबडं म्हणालं, "आलात? आज तुमचा आवाज ऐकला नाही. तुम्ही ठीक आहात ना?" मी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी शर्ट काढून खुंटीला लावला आणि गप्प बसून राहिलो. आपल्या बायकोच्या आवाजाला उत्तर न देणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. हात चोरून बसलो होतो, जसं काही मीच गुन्हा केलाय.

बसल्याबसल्या एक गोष्ट डोक्यात आली. पोराला वाटतं, आवाज मशीनमध्ये राहतो. मला वाटत होतं, माझ्या कानात राहतो, आणि तो तिथून गेला. पण ही बाई काय फक्त माझ्याशी बोलायची? अख्ख्या भांडुपशी भांडायची ती. ज्यांच्याशी भांडली त्यांच्याकडे काहीतरी राहिलं असेल की नाही?

सकाळी उजाडल्यावर डबडं बोलायच्या आत मी त्याची वायर भिंतीतून काढली. आपटलं नाही. वायर गुंडाळली आणि फळीवर तसंच ठेवलं. पोराची वस्तू आहे, पोरगा येईल तेव्हा नेईल. येवो, न येवो. गोळी घेतली. मग डब्यात तांदूळ काढले आणि पिशवीत डबा घालून खाली उतरलो, स्टेशनकडे जाताना उतारावर पिठाची चक्की आहे तिकडे. चक्कीवाला उत्तर प्रदेशातला आहे, किती वर्षं झाली इथे. मी तिकडे कधी जायचो नाही. दळण हे तिचं खातं होतं.

चक्की चालू होती. तो डोक्यापासून भुवयांपर्यंत पांढरा. माझा डबा ओळखला त्यानं, मला नाही.

"ये तो चाची का डिब्बा है," तो ओरडून म्हणाला. "चाची गाँव गयी क्या? बहुत दिन हुआ, आयी नहीं।"

मी म्हटलं, "वारली." पट्ट्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी हात वर केला. त्यानं बटण दाबून चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"किसी ने बोला भी नहीं," तो म्हणाला. डोक्याला बांधलेलं फडकं काढलं आणि हातात धरून उभा राहिला. "इतना दिन। किसी ने बोला नहीं चाचा।"

त्याला पण फसवल्यासारखं वाटलं असणार.

मी विचारलं, "तुमसे झगडा करती थी ना?"

"झगडा?" त्याच्या पिठाळ तोंडावर हसू आलं. "अरे चाचा, रोज! उधर खड़ी रहती थी, वो खंबे के पास। पहले से चिल्लाती आती थी।" त्यानं कमरेवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि आवाज बारीक केला. "ए भैया! गहू के पीछू मेरा चावल डाला ना, तो मैं तेरा कान पिळेगी! घावणा काळा होता है, घावणा!"

घावणे तांदळाच्या पिठाचे. गव्हानंतर तांदूळ दळले तर ते जातात बिघडून, म्हणून. आवाज काही तिच्यासारखा नव्हता, मिशीवाला माणूस तो. पण ते कान पिळेगी. ते मानेचं तिरकं.

"असं नाही," मी म्हटलं. "ऐसा नहीं। 'ए' लंबा था।"

"लंबा?"

"ए... भैया." मी पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवला. शेजारी दळणाचे डबे घेऊन दोन बायका उभ्या होत्या, त्या बघत होत्या, बघू देत. "ए भैया! गहू के पीछू मेरा चावल डाला ना!" माझ्या घशातून ते निघालं, फाटक्या आवाजात, पण 'भैया'वरचा झटका बरोबर बसला. मला तिचा आवाज ऐकू आला. तसाच, जिथे पाहिजे तिथे.

"हाँ!" चक्कीवाला म्हणाला. "हाँ चाचा, बराबर! ऐसाच बोलती थी!"

त्यातली एक बाई फिस्सकन हसली. चक्कीवाल्यानं तिच्या गव्हाच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्या तांदळाकडे, आणि तिचा डबा बाजूला सारला. झाडणी घेतली, जात्याचं तोंड झाडून साफ केलं. मी तिथेच खांबाजवळ उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, नीट झाड, कोपऱ्यातलं राहिलं.